पाणी आमच्या घरात, भाव त्यांच्या जमिनीला

पावसाळा सुरू झाला की मुंबईतील कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधील माणसांचे अर्धे लक्ष कामावर आणि अर्धे मिठी नदीच्या पातळीवर असते. नदीने धोक्याची खूण गाठली की घर सोडण्याची सूचना येते. मग रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले आणि जातीचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरायचे आणि सुरक्षित जागी जाऊन बसायचे. पाणी ओसरले की परत यायचे, चिखल उपसायचा, भिजलेले धान्य फेकून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर व्हायचे. हे एका वर्षाचे दुखणे नव्हे, हे दरवर्षीचे आहे.

आणि दरवर्षीच वातानुकूलित खोल्यांत बसलेली विद्वान मंडळी या पुराचे निदान करतात. निदान ठरलेले असते. झोपड्यांमुळे नाले तुंबले! अलीकडे त्याला दुसरे वाक्य जोडले जाते. हे लोक कर भरत नाहीत आणि आम्हा करदात्यांच्या पैशावर जगतात! म्हणजे पूर आणणारा तोच, पुरात बुडणारा तोच आणि पुरासाठी पैसा न देणारा गुन्हेगारही तोच. या आरोपाचा विचार भावनेने नव्हे, तर हिशेबाने केला पाहिजे, असे आमचे मत आहे. पूर अडवायला पैसा लागतो, ही गोष्ट खरी आहे. मोठे नाले, पंप, भरतीचे पाणी रोखणारे दरवाजे आणि नदीकाठच्या भिंती आकाशातून पडत नाहीत. प्रश्न एवढाच आहे की हा पैसा कुणाकडून घ्यायचा, आणि तो कुठे खर्च करायचा हे कुणी ठरवायचे? आमच्या चळवळीने या प्रश्नाकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. परंतु ज्या महामानवाच्या नावाने आपण चळवळ चालवतो, तो मुळात सार्वजनिक अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता, याचा आपल्याला विसर पडता कामा नये.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. सेलिग्मन हे करशास्त्रातील त्या काळचे मोठे नाव. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रस्तावना याच सेलिग्मन यांची होती. सरकारला मिळणाऱ्या पैशाचे प्रकार सेलिग्मन यांनी वेगवेगळे करून दाखवले होते. कर हा सर्वांच्या हितासाठी असतो आणि तो माणसाच्या ऐपतीप्रमाणे घ्यायचा असतो. फी ही एखाद्या सेवेबद्दल असते. तिसरा प्रकार आहे तो विशेष पट्टीचा. सरकारने सार्वजनिक पैशाने रस्ता, गटार किंवा बांध बांधला आणि त्यामुळे एखाद्याच्या जमिनीला खास फायदा झाला, तर त्या फायद्याच्या प्रमाणात त्या जमिनीवर पट्टी बसवायची आणि कामाचा खर्च त्यातून भागवायचा. यात तत्त्व साधे आहे. जमिनीच्या मालकाने काहीही न करता, समाजाच्या पैशाने त्याच्या जमिनीचा भाव वाढला असेल, तर त्या वाढीतला वाटा समाजाला परत मिळाला पाहिजे.

हे तत्त्व आपल्या देशाला परके नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. नगररचना योजनेमुळे जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेण्याची तरतूद त्यात आहे. दामोदर खोऱ्याचे उदाहरण तर थेट बाबासाहेबांशी जोडलेले आहे. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर तेव्हाचे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्या खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया घातला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. त्यात पूरनियंत्रणाचा खर्च कुणी सोसायचा, हे लिहून ठेवले आहे. चौदा कोटी रुपयांपर्यंतचा भांडवली खर्च केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा निम्मा उचलायचा आणि त्यावरचा पश्चिम बंगालने द्यायचा. कारण पुरापासून वाचणार होता तो मुख्यतः खालच्या अंगाचा बंगालच. म्हणजे ज्याला फायदा, त्याच्यावर भार आणि त्याला राष्ट्राच्या तिजोरीचा हातभार.

मात्र फायद्याचे तत्त्व एकटे पुरत नाही. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर कडाडून टीका केली होती. शेतकरी मोठा असो की छोटा, उत्पन्न असो की नसो, सारा द्यावाच लागतो. उलट प्राप्तिकराला मात्र उत्पन्नाची किमान मर्यादा असते, त्याखालच्यांना तो लागत नाही. मग गरीब शेतकऱ्यालाच ही सवलत का नाही, असा त्यांचा सवाल होता. म्हणून पट्टी बसवायची झाली तर दोन कसोट्या लागतील. खास फायदा कुणाला झाला? आणि देण्याची ऐपत कुणाची आहे? आम्ही यात तिसरी कसोटी घालतो आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पट्टीचा आणि पाण्याचा निर्णय कुणाच्या मताने होणार? ही तिसरी कसोटी सुटली की पहिल्या दोन कसोट्यांचे काय होते, ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने दाखवून दिले आहे. तेथे पूरनियंत्रणाच्या कामांसाठी जमिनींवर पट्टी बसवण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून ते उदाहरण आम्ही वाचकांपुढे सविस्तर ठेवत आहोत.

कॅलिफोर्नियात टुलारे नावाचे जुने सरोवर होते. ते आटवून तेथे कापसाची प्रचंड शेती उभी राहिली. त्या खोऱ्यात पाणी साठवणारा एक स्थानिक जिल्हा स्थापन झाला. या जिल्ह्याचा खर्च जमिनींवर फायद्याच्या प्रमाणात पट्टी लावून भागवला जाई. क्षेत्र सुमारे १ लाख ९३ हजार एकर. त्यातील सुमारे ८५ टक्के शेती चार कंपन्यांच्या ताब्यात. वस्ती म्हणावी तर ७७ माणसांची आणि त्यातील बहुतेक या कंपन्यांकडे कामाला. संचालक मंडळ निवडताना मत कुणाला? फक्त जमीनमालकाला. आणि किती? जमिनीच्या दर शंभर डॉलर किमतीमागे एक! जमीन कसायला घेणाऱ्याला मत नाही, मजुराला मत नाही, तेथे घर करून राहणाऱ्याला मत नाही.

१९६९ मध्ये पूर आला. पाणी शेजारच्या दुसऱ्या तळ्याच्या क्षेत्रात वळवता आले असते. तसा ठराव मंडळापुढे आलाही. परंतु मंडळात बहुमत होते ते बॉसवेल या बड्या कंपनीच्या बाजूचे, आणि त्या दुसऱ्या क्षेत्रात त्याच कंपनीने दीर्घ मुदतीने शेती घेतलेली होती. तेथे पाणी सोडले तर तिचा पुढचा हंगाम बुडाला असता. ठराव सहा विरुद्ध चार मतांनी बाजूला ठेवला गेला आणि पाणी इतरांच्या शेतात चढले. हे आम्ही आमच्या मनाचे सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या भिन्नमतात ही हकीकत लिहून ठेवली आहे.

या अन्यायाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७३ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की अशी मतदानपद्धती घटनेच्या विरोधात नाही. हा जिल्हा मर्यादित कामासाठी आहे, त्याचा भार जमिनीवर पडतो, म्हणून मतही जमिनीलाच, असा त्यातील युक्तिवाद. अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, याच न्यायालयाने राज्यांच्या विधिमंडळांसाठी एक माणूस एक मत हे तत्त्व उचलून धरले होते. पाण्याच्या प्रश्नावर मात्र माणूस मागे राहिला आणि जमीन पुढे आली. विरोधात गेलेल्या तीन न्यायमूर्तींमध्ये थर्गूड मार्शल होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. ज्याच्या समाजाने मताधिकारासाठी रक्त सांडले आहे, त्याला मालमत्तेच्या मोजमापाने मत वाटण्यातली मेख लवकर कळते.

या सरोवराने २०२३ मध्ये पुन्हा डोके वर काढले. त्या पावसाळ्यात त्याच परिसरातील ॲलन्सवर्थ नावाचे गाव धोक्यात आले. हे गाव १९०८ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्याही मेहेरबानीशिवाय जगता यावे म्हणून वसवले होते. आज तेथे प्रामुख्याने शेतमजूर कुटुंबे राहतात. पाणी चालून आले तेव्हा या गावकऱ्यांना स्वतःच वाळूच्या पोती रचून ते अडवण्याची धडपड करावी लागली. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांच्या घराला बांध कुणी घालायचा, याचे उत्तर त्या व्यवस्थेने पन्नास वर्षांत शोधले नव्हते.

या पद्धतीत चांगले काहीच नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २१८ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार पट्टी बसवण्यापूर्वी इंजिनिअरचा लेखी अहवाल लागतो. प्रत्येक जमिनीला किती खास फायदा आणि सर्वसामान्य जनतेला किती, हे त्यात वेगवेगळे दाखवावे लागते. सर्वसामान्य फायद्याचा खर्च पट्टीत घालता येत नाही. आणि मुख्य म्हणजे सरकारी मालकीच्या जमिनीलाही सहसा सूट नाही. सॅक्रामेंटो हे त्या राज्याच्या राजधानीचे शहर दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. १९८६ च्या पुरात ते थोडक्यात बचावले. त्यानंतर १९८९ मध्ये तेथे पूरनियंत्रणासाठी स्वतंत्र स्थानिक संस्था उभी राहिली. २००७ आणि २०१६ मध्ये मालमत्ताधारकांनी मतपत्रिका भरून बांध मजबूत करण्यासाठी पट्टी मंजूर केली. स्थानिक वाटा उभा राहिला म्हणून राज्याचा आणि केंद्राचा पैसा ओढता आला. काम झाले, हिशेब लोकांपुढे राहिला. हे घेण्यासारखे आहे.

पण तेथेही मतपत्रिकेला वजन किती? ज्याच्यावर जेवढी पट्टी, तेवढे! मॉलच्या मालकाच्या मतपत्रिकेचे वजन डोंगराएवढे, दोन खोल्यांच्या घरवाल्याचे मोहरीएवढे आणि साध्या भाडेकरूच्या हातात मतपत्रिकाच नाही. पट्टीचा बोजा मालक भाड्यात घालून त्याच भाडेकरूकडून वसूल करू शकतो. बांध फुटला तर जीव भाडेकरूचाही जाणार आहे. तरी त्याला विचारायचे नाही!

त्याच राज्यात दुसरी वाटही आहे. लॉस एंजेलिस परगण्यात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पावसाचे पाणी अडवण्यासाठी व स्वच्छ करण्यासाठी असाच जमिनीवरचा कर आला. परंतु तो मालमत्ताधारकांच्या वजनदार मतपत्रिकांनी नव्हे, तर सर्व मतदारांच्या दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर झाला. झोपडीत राहणाऱ्याचे मत आणि बंगल्यात राहणाऱ्याचे मत सारखे. कर कशावर? ज्या जमिनीवर सिमेंट, डांबर, छप्पर घालून पाणी मुरायची वाट बंद केली आहे, तिच्या दर चौरस फुटाला अडीच सेंट. ज्याचे काँक्रीट जास्त, त्याचे पाणी दुसऱ्याच्या दारात जास्त जाते, म्हणून त्याने जास्त द्यायचे. कमी उत्पन्नाच्या वृद्ध घरमालकांना सूट. जो आपल्या आवारात पाणी मुरवतो त्याला सवलत. एकाच राज्यातले हे दोन रस्ते आहेत. एका रस्त्यावर मत मालमत्तेचे आहे, दुसऱ्यावर माणसाचे. आम्ही कोणत्या रस्त्याचे, हे वेगळे सांगायला हवे काय?

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की मताला मालमत्तेची अट घातली की अस्पृश्य मतदार यादीच्या बाहेरच राहतो. ज्याला शतकानुशतके मालमत्ता धारण करू दिली नाही, त्यालाच मालमत्ता नाही म्हणून मत नाकारायचे, हा तो न्याय! १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि पुढे राज्यघटनेत ती प्रत्यक्षात आणली. मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. त्याआधी या शहराचा कारभार करदात्यांच्या मतावर चालत असे. आज जे लोक दूरचित्रवाणीवर करदाते करदाते म्हणून गळा काढतात, त्यांना नकळत १९४८ च्या मागे जायचे आहे. मत नागरिकाला असते, पावतीला नसते, हे त्यांना ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.

आता मुंबईचा हिशेब पाहू. या शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पावसापुरत्या होत्या. त्यांची क्षमता दुप्पट करावी, असा अहवाल १९९३ मध्येच तयार झाला. त्याला ब्रिमस्टोवॅड असे नाव आहे. तेव्हाचा खर्चाचा अंदाज सुमारे ६१६ कोटी रुपयांचा होता. पैसा नाही म्हणून तो अहवाल बारा वर्षे धूळ खात पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि मुंबईत शेकडो माणसे मेली. साकीनाक्याला दरडीखाली झोपड्या गाडल्या गेल्या. मग २००७ मध्ये केंद्राने १२०० कोटी रुपये मंजूर केले आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. हे काम आधी झाले असते तर खर्चही कमी आला असता आणि काही घरांतील कर्ती माणसे आज घरी असती.

पैसा खरोखरच नव्हता काय? त्याच काळात मिठीच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहत होते. देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींत आज त्याची गणना होते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळवले गेले. नदीचे अंग कापून ज्यांनी सोन्याच्या भावाची जमीन तयार केली, त्यांच्यावर पुराची खास पट्टी कधी बसली नाही. नदीच्या काठावर जागा नसल्यामुळे जो राहिला, तो मात्र अतिक्रमण करणारा ठरला. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन कायदे!

मालमत्ता कराचे बिल वाचून पाहा. त्यात सर्वसाधारण कर आहे, जलकर आणि जललाभ कर आहे, मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर आहे, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर आहे. म्हणजे लाभ हा शब्द महापालिकेला ठाऊक आहे. जलवाहिनी जवळून गेली म्हणून होणाऱ्या लाभावर कर घेता येतो. मग पंपामुळे ज्या टॉवरच्या तळघरातील गाड्या कोरड्या राहतात, त्याच्या लाभाचे काय? पावसाच्या पाण्याचा निचरा आणि पूरसंरक्षण यांची वेगळी ओळ त्या बिलात नाही. त्यामुळे त्या कामाला किती आले, कुठे गेले, हे सामान्य माणसाला विचारताही येत नाही.

२०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर कर आकारला जातो. म्हणजे जमिनीचा भाव वाढला की कर वाढायला हवा. परंतु भविष्यातील बांधकामाची शक्यता धरून मूल्य ठरवणारे नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. त्यामुळे रिकामे ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या भूखंडांकडून समाजाचा वाटा घ्यायचा असेल, तर त्यासाठी स्पष्ट कायदाच करावा लागेल. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्याचे आम्ही स्वागतच करतो, कारण ते ऐपतीच्या कसोटीला धरून आहे.

परंतु त्यानंतर काय झाले? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने झोपडपट्टीतील व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर बसवण्याचा प्रस्ताव मांडला. अंदाजे ५० हजार गाळे आणि सुमारे ३५० कोटींचे उत्पन्न, असा त्यात हिशेब होता. झोपडपट्टीत लाखोंची उलाढाल करणारी गोदामे आहेत, त्यांनी कर द्यावा याला आमचा विरोध नाही. पण वडापावची गाडी आत घेऊन दहा बाय बाराच्या खोलीत धंदा करणारी विधवा आणि ते गोदाम यांना एकाच सुतळीने बांधायचे काय? शिवाय कर भरला म्हणून गाळा अधिकृत होत नाही. म्हणजे पट्टी घेताना तो महापालिकेच्या वहीत असतो आणि बुलडोझर आला की तो वहीत नसतो. आणि हा प्रस्ताव आला तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते! मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, प्रशासकाने अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. टुलारेच्या मजुराला मत नव्हते. मुंबईच्या मजुराला मत होते, पण ते टाकायची पेटीच मांडली गेली नाही.

झोपडपट्टीवाला कर भरत नाही, हा प्रचारही तपासून घेऊ. तो साबण, काडेपेटी, मोबाईलच्या रिचार्जवर कर भरतो. नळ नाही म्हणून कॅनने पाणी विकत घेतो आणि ते टॉवरमधल्या पाण्यापेक्षा त्याला महाग पडते. आणि या शहराची गटारे, नाले गळ्यापर्यंत उतरून साफ कोण करतो? त्या कामगाराची जात कोणती असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्याच्या श्रमाने पाणी वाहते, त्याला पाणी तुंबवणारा म्हणणे ही कृतघ्नतेची कमाल आहे. खरा गाळ कुठे आहे, तेही पाहावे. मिठीतील गाळ उपसण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. त्यात ठेकेदारांबरोबर महापालिकेचे अधिकारीही आहेत. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण आरोपींच्या त्या यादीत क्रांतीनगरचा कुणी झोपडपट्टीवाला नाही, एवढे तरी आरोप करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. पूरसंरक्षणाचे काम झाले की त्या भागाचा भाव वाढतो. भाव वाढला की भाडे वाढते. नदीकाठी भिंत बांधायची तर काठावरची वस्ती हलवायची. म्हणजे ज्याच्या नावाने काम मंजूर होते, तोच काम पूर्ण झाल्यावर तेथे नसतो. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्याच जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून तीसच्या आसपास माणसे मेली. भिंत कुणासाठी आणि कुणाच्या अंगावर, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला विचारावा लागतो.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, मुंबईत आणि पुराचा धोका असलेल्या राज्यातील प्रत्येक शहरात पूरसंरक्षणाचा वेगळा निधी करावा आणि त्याचा प्रभागवार हिशेब दरवर्षी मराठीत जाहीर करावा. दुसरी, मोठे भूखंड, मॉल, टॉवर आणि व्यापारी संकुले यांच्या काँक्रीट केलेल्या क्षेत्रावर लाभपट्टी बसवावी. ५०० चौरस फुटांपर्यंतची घरे आणि झोपडपट्टीतील छोटे धंदे त्यातून वगळावेत. तिसरी, नदीच्या आणि खाडीच्या जागेवर भराव घालून जमीन विकणाऱ्या सरकारी प्राधिकरणांनीही आपला वाटा द्यावा. राज्यघटनेच्या कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर कर बसत नसेल, तर रेल्वे आणि बंदराच्या जमिनींबद्दल केंद्राने तेवढे अनुदान द्यावे. चौथी, नालेकाठच्या एकाही कुटुंबाला त्याच परिसरात पक्के घर दिल्याशिवाय हलवू नये आणि त्या घरांचा खर्च पूरसंरक्षणाच्या कामाचाच भाग धरावा. पाचवी आणि शेवटची, यातील प्रत्येक निर्णय निवडून आलेल्या सभागृहात व्हावा आणि त्याआधी वस्तीत भाडेकरूंसह सर्व प्रौढ रहिवाशांची सभा घ्यावी.

सत्ताधारी हे आपणहून करणार नाहीत. आणि येथे आम्हाला आपल्याच बांधवांना दोन शब्द सुनवावे लागतील. जयंतीची कमान किती फुटांची, यावर आपल्या मंडळांत रात्र रात्र चर्चा होते. पण आपल्या प्रभागातील नाल्यासाठी किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, हे विचारायला किती कार्यकर्ते प्रभाग कार्यालयात गेले? ज्याने रुपयाचा प्रश्न, प्रांतिक वित्तव्यवस्था आणि शेतसारा यांचा कीस पाडला, त्याच्या अनुयायांना वॉर्डाचा अर्थसंकल्प वाचता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे. आपली शिकलेली पोरे आज वाणिज्य शाखेत आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेत आहेत. त्यांनी रविवारची दोन तास बुद्धविहारात बसून हा हिशेब वस्तीतल्या माणसांना समजावून सांगावा. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. त्याचा अर्ज लिहायला कमानीएवढा खर्च येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात क्रांतीनगरची माणसे पुन्हा पिशवी बांधतील. त्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर एक कागद आणखी असावा, अशी आमची इच्छा आहे. त्यांच्या प्रभागातील नाल्याच्या कामाच्या हिशेबाचा. तो कागद घेऊन ती माणसे ज्या दिवशी नगरसेवकाच्या दारात उभी राहतील, त्या दिवसापासून पाणी कुणाच्या घरात आणि भाव कुणाच्या जमिनीला, या प्रश्नाचे उत्तर टाळणे कुणालाही सोपे जाणार नाही.